हेस्केल की यहेज्केल?

कोलकात्यातल्या नारकेलडांगाच्या ज्यू दफनभूमीतले हिब्रू लेख देवनागरीत उतरवताना मी आधी साल पक्कं करते. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते आणि हजार बहुधा गाळलेले असतात. ताव ४००, रेश २००, मेम ४०, दालेत ४, झाले ६४४. त्यात १२४० मिळवले की इसवी सन १८८४, म्हणजे कॅनिंग स्ट्रीटचं ‘मागेन डेव्हिड’ सिनेगॉग बांधलं गेलं ते साल. ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं, त्यामुळे तेव्हापासून डिसेंबरपर्यंतच्या मृत्यूला एक कमी करायचा.

दालेतचा कोपरा टोकदार, रेशचा गोल; बाकी दोन्ही सारखीच. इथल्या पावसाने कोपरा झिजवला की चाराचे दोनशे होतात! पण किमती सहसा उतरत्या क्रमाने लिहितात, तेव्हा चाळीसनंतर दोनशे कुठले यायला? तिथे दालेतच.

नावांना असा क्रम नाही. तिथे अर्थच हाताशी येतो. ‘हे’ अक्षराचा डावा पाय वरच्या रेघेपासून सुटा असतो, ‘हेत’चा जोडलेला. फटीत शेवाळ बसलं की दोन्ही एकच. पण न्यू मार्केटातल्या १९०२च्या बेकरीमुळे शहराच्या तोंडी असलेलं ‘नाहूम’ हे नाव सांत्वनाच्या धातूवरून आलंय, आणि त्या धातूत हेत आहे. प्रश्न मिटला.

उच्चाराचा मिटत नाही. १७९८ साली इथे आलेले शालोम कोहेन मूळचे आलेप्पोचे. पुढे बगदादी कुटुंबं आली. त्यांच्या ‘मागेन’मधला ग घशातून, अरबी वळणाचा, म्हणून इंग्रजी पाटीवर जीपुढे एच. मराठीत घ लिहावा तर थेट ‘घर’ ऐकू येतं, आणि नुक्ता आपल्याकडे कोण वाचतो? मी साधा ग ठेवते. अलिबागच्या ‘मागेन अबोथ’शीही तो जुळतो.

खरी पंचाईत यहेज्केलची. हे रूप मराठी बायबलातलं. त्या भाषांतरांची सुरुवातही इथूनच जवळच्या श्रीरामपुरात, मिशनरी विल्यम कॅरींच्या छापखान्यात झाली. बगदाद्यांच्या घरात तोच हेस्केल, आणि कोकणातल्या बेने इस्रायलींकडे हसाजी. छापणाऱ्यांना एकच रूप हवं असतं. मी देत नाही. माणसाला घरात ज्या नावाने हाक मारत, ते आधी. मूळ हिब्रू अक्षरं शेजारच्या रकान्यात. ज्याला यहेज्केल हवा असेल, त्याने तिथून घ्यावा.