कीलहॉर्नच्या उलट वाटेनं

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, स्वयंपाकघरातल्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला आणि त्याच्या अगदी तळाशी लिहिलं, '३१ मार्च २०२६'. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र त्या दिवशी संपतं. मग ते खालून वर लिहीत गेले. परीक्षा, तास सुरू, मुक्कामी पोचणं, विमान, व्हिसा, बँक, अर्ज. कागदाच्या माथ्यावर जी तारीख आली ती लिहिली त्या दिवसापासून जेमतेम दहा दिवसांवर होती. एसटीत कंडक्टर म्हणून सगळी नोकरी काढलेला माणूस वेळापत्रक असंच लावतो. आधी शेवटचा थांबा, मग मागं मागं येत पहिला. सहा महिने परदेशात शिकायला जायचं ठरवताना मला मिळालेला सगळ्यात उपयोगी धडा हाच.

मी मूळची वाईची, पुण्यात संस्कृत घेऊन एम. ए. करते. आमच्या विभागाचा जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन विद्यापीठाशी विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा करार आहे हे नोटीस बोर्डावर वाचलं तेव्हा मैत्रिणींनी सल्ला दिला, की दुसरा कुठला करार आहे का बघ, बर्लिन मिळालं तर तिथून सगळा युरोप फिरता येतो. संस्कृत शिकायला जर्मनीला कशाला, असं वाईत तर प्रत्येक जण विचारत होता. त्याचं उत्तर माझ्या टेबलावरच पडलेलं होतं.

पतंजलीच्या व्याकरण-महाभाष्याची जी प्रत आम्ही वर्गात वापरतो ती भांडारकर संस्थेची, काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी सुधारून काढलेली. मूळ संपादक फ्रान्झ कीलहॉर्न. ओस्नाब्रुकला १८४० साली जन्मलेला, ग्यॉटिंगेनला शिकलेला हा माणूस १८६६ साली पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकवायला आला. सुएझचा कालवा खुला व्हायला तेव्हा अजून तीन वर्षं होती. पुण्यात तो पंधरा वर्षं राहिला, इथल्या शास्त्र्यांपुढे बसून व्याकरण शिकला, गावोगावच्या पोथ्या ताडून पाहिल्या. टिळक आणि आगरकर त्याच कॉलेजात शिकत होते ते याच काळात. १८८१ साली तो परत गेला आणि पुढच्या वर्षापासून मरेपर्यंत, म्हणजे १९०८ पर्यंत, ग्यॉटिंगेनला प्राध्यापक होता. त्याच विद्यापीठानं १८८५ साली आपल्या रामकृष्णपंत भांडारकरांना डॉक्टरेट दिली.

आमच्या बाईंनी एकदा बोलता बोलता सांगितलं, की कीलहॉर्न वारला तेव्हा त्याच्या संग्रहातल्या संस्कृत पोथ्या ग्यॉटिंगेनच्या ग्रंथालयाकडे गेल्या. त्यांची यादी १९३० साली छापलेलीसुद्धा आहे. मला त्या रात्री झोप आली नाही. महाभाष्यात कात्यायनाची वार्तिकं कुठं संपतात आणि पतंजलीचं बोलणं कुठं सुरू होतं हा माझ्या प्रबंधाचा विषय, आणि ती सीमा आखायचं मोठं काम कीलहॉर्ननंच केलं. १८७६ साली मुंबईत छापलेलं त्याचं कात्यायन-पतंजलींवरचं छोटं पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. आता त्याच्या हाताखालून गेलेला कागद बघायचा होता. बर्लिनचा विचार तिथंच थांबला. सहा महिने फार थोडे असतात. कुठलं शहर बघायचं यावरून सत्र निवडणाऱ्यांना मी दोष देत नाही, पण आपल्याला नेमकं काय विचारायचं आहे ते ठरवून गेलं तर त्या सहा महिन्यांना आकार येतो, असं मला मनापासून वाटतं.

मग कागदपत्रं. तिकडे एका सत्राला तीस क्रेडिट्स धरतात. त्यांतली कोणती आपलं विद्यापीठ मान्य करणार, हे जायच्या आधी लेखी ठरवून त्यावर दोन्हीकडच्या सह्या घ्याव्या लागतात. याला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात. जो कुणी जाणार असेल त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे, की हा कागद व्हिसाइतकाच महत्त्वाचा माना. तो नीट नसला तर परत आल्यावर अख्खं सत्र पुन्हा करायची वेळ येते.

माझं अडलं ते नावावर. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं. पासपोर्टवर माझं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. पदवीच्या प्रमाणपत्रावर आईचं नावही. एका कार्यालयात ही तीन नावं म्हणजे तीन वेगळ्या मुली आहेत असं सांगून मला परत पाठवलं. ॲफिडेव्हिट, त्याची नोटरी, पुन्हा रांग. सतरा दिवस गेले. अण्णांनी कागदावर तेवढे दिवस आधीच मोकळे सोडले होते. गाडी घाटात अडकते हे धरूनच त्यांनी वेळ लावली होती.

आणि पैसा. व्हिसासाठी जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंट उघडावं लागतं. २०२५ साली त्याचा हिशोब महिन्याला ९९२ युरो. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो, म्हणजे तेव्हाच्या भावानं सहा लाख रुपयांच्या घरात. पैसे आपलेच असतात, पण एकदम काढता येत नाहीत, दर महिन्याला ठरलेली रक्कमच हाती येते. तिथल्या विद्यापीठाला शिकवणीची फी द्यावी लागत नव्हती, भरायची ती फक्त सत्राची वर्गणी. तरीही सहा लाख आमच्या घरात कुणी एका जागी पाहिले नव्हते. थोडं शैक्षणिक कर्ज झालं, बाकीचं अण्णांच्या फंडातून. ते पैसे पाठवायच्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर बँकेत आले, फॉर्मवरचा प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचला आणि सही केली. बाहेर आल्यावर आम्ही दोघांनी कृष्णेच्या घाटावर बसून चहा प्यायला. पैशाविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. मीही बोलले नाही. अजून मला त्या दुपारीविषयी नीट लिहिता येत नाही.

बॅग भरताना आईचा हिरमोड झाला. तिनं साताऱ्याहून दोन किलो कंदी पेढे आणून ठेवले होते, आणि युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला परवानगी नाही. पेढे गल्लीत वाटले गेले. बॅगेत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि वाईची हळद गेली.

सप्टेंबर संपता संपता, एका शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो. वाईहून स्वारगेट एसटीनं, तिथून मुंबई विमानतळ. खंडाळ्याच्या घाटात पाऊस होता, बोगद्यातून बाहेर पडलं की दरवेळी काच नव्यानं भिजायची. विमानतळाच्या दारापाशी अण्णा म्हणाले, "सुट्टे पैसे वेगळ्या खिशात ठेव, आणि गाडीत चढण्याआधी पाटी वाच. कुणाला विचारून चढू नकोस, आधी वाच, मग विचार." आईनं माझ्या हातावर दही ठेवायचं म्हणून घरून डबीत आणलं होतं. तिथंच, गर्दीत, लोकांच्या ट्रॉल्यांच्या मध्ये तिनं ते ठेवलं.

मुंबई ते फ्रँकफर्ट विमान जवळजवळ नऊ तास घेतं. सकाळी उतरले, लोकल गाडीनं शहराच्या मुख्य स्टेशनवर आले. ते आपल्या सीएसएमटीसारखं शेवटचं स्टेशन आहे. गाडी आत येते आणि ज्या बाजूनं आली त्याच बाजूनं बाहेर पडते. मी पाटी वाचली, मग एका आजीबाईंना विचारलं, मग पुन्हा वाचली. आयसीई गाडीत प्रत्येक आसनाच्या वर छोटा पडदा असतो, ती जागा कुठून कुठपर्यंत राखीव आहे ते त्यावर दिसतं. राखीव नसलेल्या जागी कुणीही बसावं. फुल्डा गेलं, कासेल गेलं. वाटेत बोगद्यामागून बोगदे. प्रत्येक अंधारानंतर हिरवे डोंगर वेगळे दिसायचे, आणि काच मात्र कोरडीच. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की खंडाळा आता फार मागं राहिलाय.

ग्यॉटिंगेनला उतरल्यावर आधी दिसतात त्या सायकली. स्टेशनसमोर शेकडो सायकली दाटीवाटीनं उभ्या, त्यांच्यामधून वाट काढत माणसं निघालेली. गाव लहान आहे. मधल्या जुन्या गावाभोवती एके काळचा तट आता झाडांखालून फिरायची वाट झालाय. तासाभरात सगळी प्रदक्षिणा होते. चौकात जुन्या नगरभवनासमोर कारंज्यावर हंस घेतलेली एक मुलगी उभी आहे, गेन्झेलीझल तिचं नाव. इथं डॉक्टरेट मिळालेला माणूस कारंज्यावर चढून तिचं चुंबन घेतो आणि तिला फुलं वाहतो, अशी रीत. मी पाहिलं तेव्हा तिच्या कमानीत सुकलेला एक गुच्छ अडकलेला होता. कुणाचा असेल, कुठल्या विषयाचा असेल, किती वर्षं लागली असतील, असा विचार करत मी बॅग घेऊन तिथं बराच वेळ उभी राहिले.

दुसरा दिवस रविवार. रविवारी इथं दुकानं बंद असतात हे मी वाचलं होतं, वहीत लिहिलंही होतं, तरी शनिवारी संध्याकाळी खोलीच्या किल्ल्या, गादी, चादर यांतच वेळ गेला. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात मी मेतकूट पाण्यात कालवत बसले होते, तेवढ्यात मजल्यावरची एक मुलगी आली. तिनं काही न विचारता पावाची अर्धी लादी, चीज आणि दोन टोमॅटो माझ्यापुढे ठेवले. मी चटणीची बरणी पुढे केली. तिनं पावावर चटणी पसरून खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि आणखी घेतली. त्या टेबलावर मी शिकलेला पहिला शब्द म्हणजे तिखट, 'शार्फ'. पुण्यात केलेल्या जर्मनच्या दोन पातळ्यांत तो मला भेटला असेल, पण लागला तो तिथं.

नव्या जागी राहायला आल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं, त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो. तो आधीच मागून ठेवला होता म्हणून काम वीस मिनिटांत झालं. नगरपालिकेची इमारत ज्या चौकात आहे त्याचं नाव हिरोशिमा चौक. परतताना मुद्दाम वाट वाकडी करून गावाच्या दफनभूमीत गेले. माक्स प्लांक, माक्स बॉर्न, ओटो हान एकाच झाडीत झोपले आहेत. अणुकेंद्र फुटतं हे ज्याच्या प्रयोगातून कळलं तो हान. त्यानं आणि बॉर्ननं १९५७ साली आणखी सोळा शास्त्रज्ञांबरोबर, जर्मनीनं अण्वस्त्रं घेऊ नयेत म्हणून जाहीर पत्रक काढलं होतं. हानच्या दगडावर त्या विखंडनाचं सूत्र कोरलेलं आहे. हिरोशिमा चौकातून येऊन त्या दगडापुढे उभं राहायचं म्हणजे मान खाली जाते.

पहिल्या तासाला मी अण्णांच्या नियमानं दहाला दहा मिनिटं असतानाच वर्गात जाऊन बसले. दहा वाजले, कुणी नाही. वेळापत्रकात दहाच्या पुढे दोन लॅटिन अक्षरं होती, 'त्से टे'. त्यांचा अर्थ पंधरा मिनिटं उशिरा. घड्याळ सगळ्यांकडे नव्हतं तेव्हा घंटेचा आवाज ऐकून चालत यायला लागणारा हा वेळ, आजही पाळतात. सव्वादहाला सहा जण आले. समोर महाभाष्याचं पहिलं प्रकरण, पस्पशाह्निक, उघडलं. घडा आणि कुंभाराचा तो दृष्टान्त आला. घडा हवा असला तर कुंभाराचं घर गाठावं लागतं, शब्दांसाठी मात्र कुणी वैयाकरणाचं दार ठोठावत नाही. पुण्यात तो मी परीक्षेपुरता लिहिला होता. इथं माझ्या डोळ्यांपुढे चटणीची बरणी उभी राहिली. प्राध्यापकांनी मला मूळ मोठ्यानं वाचायला सांगितलं. बाईंनी शिकवलं तसं, थांबे धरून मी वाचलं. एकानं वाचण्याची ती लय पुन्हा ऐकवायला सांगितली. तास संपला तेव्हा सगळ्यांनी बाकांवर बोटांच्या पेरांनी टकटक केली. ही इथली टाळी.

पोथी मिळायला मात्र नोव्हेंबर उजाडला. आधी विनंती, तीत पोथीचा क्रमांक आणि ती कशासाठी हवी ते, मग प्राध्यापकांचं पत्र, मग तारीख. ग्रंथालयाची जुनी वास्तू म्हणजे एक जुनं चर्च आणि मठ. तिथल्या वाचनकक्षात पिशवी बाहेर ठेवायची, शाई वर्ज्य, फक्त शिसपेन्सिल. करड्या खोक्यातून व्याकरणाची एक पोथी माझ्यापुढे आली. दोन्ही बाजूंना तांबड्या रेघा, मधे काळी अक्षरं. आमच्या आजीच्या चातुर्मासातल्या पोथीसारखीच. मी पान उचललं आणि वरच्या बाजूला उलटलं, कारण पोथीचं पान उजवीकडून डावीकडे जात नाही. शेजारी उभ्या असलेल्या ग्रंथपाल बाई ते लक्ष देऊन बघत होत्या. हे मी कुठं शिकले असं त्यांनी विचारलं. आजीचं सांगताना माझी जर्मन अडखळली, पण त्यांना कळलं.

चार तासांत सहा पानं झाली. वेळ संपल्यावर पोथी मोजून परत दिली आणि पुढची तारीख मागितली. खोलीवर आल्यावर स्वयंपाकघरातल्या त्या कागदाचा मोबाईलमधला फोटो उघडला. 'तास सुरू' आणि 'परीक्षा' यांच्यामधली जागा अण्णांनी कोरी सोडली होती. मी त्यांना फोन केला. तिथं पेननं लिहा म्हटलं: मंगळवार, सकाळी दहा, पान सातपासून पुढे.