पन्हाळ्याचा पहिला मुक्काम

विशाळगडाच्या सायकल-सफरीचा पहिला टप्पा कोल्हापूर ते पन्हाळा. अंतर सुमारें २० किलोमीटर. पंचगंगेच्या पुलापर्यंत आम्ही सातहि जण बरोबर होतों. वाघबीळच्या पुढें चढण लागली आणि मी मागें पडलों. पासष्टीच्या गुडघ्यांपुढें अभिमान किती टिकणार! उतरून सायकल ढकलूं लागलों. तोंच एक माजी विद्यार्थी, “गुरुजी, माझी सांखळी निसटली,” असें म्हणत सोबत चालूं लागला. सांखळी जागेवरच होती. मी कांहीं बोललों नाहीं.

सायंकाळीं राजदिंडी पाहिली. १६६० च्या जुलैंत सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजीमहाराज रात्रीं, भर पावसांत, येथूनच विशाळगडाकडे निघाले. पुढचा रस्ता डोंगरांचा, आजच्याहून कितीतरी लांब.

“उद्यां येणार ना, गुरुजी?” त्यानें हळूच विचारलें.

मी गुडघ्यांस तेल चोळीत होतों. म्हटलें, “तुझी सांखळी तेवढी नीट करून ठेव.”