अंगठा वर

पाणबुड्यांच्या खुणांच्या भाषेत उभारलेला अंगठा म्हणजे ‘छान’ नव्हे. त्याचा अर्थ ‘आता वर चला’. सारे ठीक आहे असे सांगायचे असेल, तर अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करतात. या दोन खुणांमधील अंतर मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, सहा मीटर खोल पाण्यात, माझ्या मुलीने शिकविले.

आमचे बिऱ्हाड इंग्लंडमधील प्लिमथ शहरी आहे. तेथून जवळच, व्हिटसँडच्या उपसागरात, ‘जेम्स ईगन लेन’ नावाचे अमेरिकन मालवाहू जहाज विसावले आहे. २१ मार्च १९४५ रोजी जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते जायबंदी झाले आणि ओढून आणल्यावर येथेच बुडाले. माणसे मात्र सारी वाचली. हे जहाज पाहावे म्हणून आम्ही मायलेकी वर्षभर स्कूबा डायव्हिंग शिकलो.

मे महिन्यातील तो दिवस ठरला आणि दोन दिवस आधी मला सर्दी झाली. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन मी होडीत बसले. “आई, कान मोकळे आहेत ना?” मुलीने विचारले. “हो गं, बरी आहे मी,” मी म्हणाले. घरात वर्षानुवर्षे म्हणत आले, तसेच.

समुद्रसपाटीवर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. दहा मीटर खोलीवर तो दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. उतरताना कानाच्या पडद्यामागील हवा आकसत जाते, आणि घशापासून मध्यकर्णापर्यंत जाणाऱ्या नलिकेतून नवी हवा तेथे पोहोचावी लागते. सर्दीने ही नलिका सुजली की वाट बंद होते. गोळीने ती तात्पुरती उघडली, तरी तिचा अंमल खोल पाण्यात ओसरल्यास वर येताना हवा आत अडकू शकते.

दोर धरून आम्ही उतरू लागलो. सहा मीटरवर डाव्या कानात सुरी खुपसल्यासारखी कळ आली. नाक चिमटीत धरून मी हवा लोटली. काही उपयोग झाला नाही. मुलीने काचेतून माझ्या कपाळावरची आठी पाहिली. मी वर्तुळ करून दाखविले. तिने अंगठा वर केला. मी पुन्हा वर्तुळ केले. तिचा अंगठा तसाच राहिला. पाण्यात एक नियम आहे : कोणीही, कोणत्याही क्षणी परतू म्हणाले, की सर्वांनी परतायचे. तेथे वाद घालायचा नसतो.

होडीत मी रागावले होते, पैशांविषयी, हुकलेल्या दिवसाविषयी. ती एवढेच म्हणाली, “तू खोटं बोललीस, आई.”

कानाच्या डॉक्टरांना पडदा लालभडक दिसला, त्यावर रक्ताचे ठिपके होते. आणखी खाली गेले असते तर तो फाटला असता. थंड पाणी मध्यकर्णात शिरले की अशी भोवळ येते, की वर कोठे आणि खाली कोठे हे कळेनासे होते. चार आठवडे पाणी वर्ज्य झाले.

ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा गेलो. त्या वेळी होडीत बसण्यापूर्वीच, न विचारता, मी तिला कानांचे सारे सांगितले. हिरवट पाण्यातून जहाजाचा प्रचंड सांगाडा हळूहळू आकारास आला. गंजलेल्या फासळ्यांवर समुद्रफुले उमलली होती आणि त्यांच्यामधून माशांचे थवे संथपणे फिरत होते. माझ्या श्वासाखेरीज दुसरा आवाज नव्हता. परतताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून आम्ही वर आलो.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे मालवण-तारकर्लीला किंवा अंदमानला स्कूबासाठी जातात. तेथे प्रकृतीचा अर्ज भरताना दमा, हृदयविकार, रक्तदाब, कानाचे दुखणे, यांतील काहीही लपवू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावरच बसा. पाण्याखाली श्वास कधीही रोखू नका, सावकाश वर या, आणि त्यानंतर किमान अठरा तास विमानप्रवास टाळा.

आणि घरातील कोणी “बरी आहे मी” म्हणाली, तर एकवार तिच्या कपाळाकडेही पाहा.