लांबीचे ओझे

जड ओझे आणि लांब ओझे यांत केवढा भेद आहे, हे घाट चढून माल आणणाऱ्या कोणत्याही चालकास विचारून पाहावे. वजनाने इंजिन कण्हते, चाके तापतात, डिझेल अधिक जळते. तथापि तो शेवटी यंत्राचा प्रश्न आहे, आणि अधिक ताकदीचे यंत्र आणले म्हणजे तो सुटतो. लांबीचे तसे नाही. वळणाची त्रिज्या, कोपऱ्यावरचे घर, झाडाची फांदी, विजेची तार, समोरून येणारी बस, या साऱ्यांशी लांबीला तडजोड करावी लागते, आणि ती तडजोड करणारा माणूस एकटाच केबिनमध्ये बसलेला असतो.

आमचे धर्मग्राम खानापूर तालुक्यात आहे. मुरगाव बंदराकडून फोंडा, मोले, अनमोड करीत बेळगावकडे चढणारा हमरस्ता येथून दूर नाही, व येथील काही कुटुंबांची चूल त्या रस्त्यावरच पेटते. त्यांपैकी एकाने गेल्या काही वर्षांत वायूवाहिनीचे पोलादी नळ बंदरातून आत पोहोचविण्याचे काम केले. गडी पस्तिशीचा, बोलण्यास कमी. एकदा मी त्याला विचारले की, सर्वांत अवघड काय असते. तो म्हणाला, "फादर, वजन पायाखाली कळतं. लांबी आरशातसुद्धा पुरती दिसत नाही."

नळ म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे न्हाणीघरातला नळ येतो. हा नळ बारा मीटर लांब आणि 36 इंच व्यासाचा असतो. लहान मूल त्यातून वाकून धावत जाऊ शकेल. भिंतीची जाडी अर्धा इंच धरली, तर एका नळाचे वजन तीन टनांहून अधिक भरते. जमिनीतील ओलाव्याने गंज चढू नये म्हणून त्यावर कारखान्यातच पॉलिथिलीनचे जाड आवरण चढविलेले असते. दोन्ही टोकांशी थोडासा भाग तेवढा उघडा सोडतात, कारण तेथे पुढे सांधा करावयाचा असतो. त्या टोकांच्या कडा तिरप्या तासलेल्या असतात आणि त्यांना इजा होऊ नये म्हणून वर कडी बसवितात. म्हणजे दिसावयास हे प्रचंड लोखंड, परंतु सांभाळावयाचे कसे, तर काचेच्या बरणीसारखे! उघडी साखळी आवळावयाची नाही. रुंद पट्टे वापरावयाचे, आणि दोन नळांच्या मध्ये रबर किंवा जाड दोर घालावयाचा.

गोल वस्तूचा आणखी एक स्वभाव असा की, ती स्वस्थ बसत नाही. बाजूला घरंगळू नये म्हणून पाचर आणि उभे खांब असतात. पण चढावर नळ मागे सरकू पाहतो आणि उतारावर पुढे, म्हणजे नेमका चालकाच्या पाठीकडे. म्हणून केबिनच्या मागे पोलादी आडवी भिंत उभारलेली असते. घाटात दर दोन-तीन वळणांनंतर उतरून पट्टे चाचपून पाहणे, हे या चालकांचे व्रतच आहे म्हणा ना. वळणावर ट्रेलरची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती आतल्या बाजूने रस्ता कापतात. म्हणून चालकाला गाडी आधी उलट बाजूस, पलीकडच्या दरीकडे न्यावी लागते आणि मग वळवावी लागते. समोरून येणाऱ्यास वाटते, हा माणूस वेडा झाला की काय!

या विषयाचे मला इतके कौतुक का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माझ्या आजोबांपाशी आहे. ते 1948 साली मुंबईहून बोटीने आखातात गेले आणि दोन वर्षे रास अल मिशाब नावाच्या ठिकाणी नळांची मोजदाद करणारे कारकून होते. सौदी अरबस्तानातील तेल भूमध्य समुद्रापर्यंत नेणारी वाहिनी, जिला ‘टॅपलाइन’ म्हणत, तिचे काम 1947 मध्ये सुरू झाले होते. कैसुमापासून लेबनॉनमधील सैदा बंदरापर्यंत ती सुमारे 1,213 किलोमीटर होती. नळ अमेरिकेतून यावयाचे. आणि जेथे ते उतरवावयाचे तेथे किनारा इतका उथळ की, जहाज जवळच येत नसे. तेव्हा समुद्रात दूरवर एक कृत्रिम बेट उभारून तेथून किनाऱ्यापर्यंत सुमारे तीन मैल उंच तार ओढली होती, आणि त्या तारेला लटकून नळ पाण्यावरून जमिनीवर येत.

जहाजातील जागा वाचविण्यासाठी अर्धे नळ 31 इंच व्यासाचे आणि अर्धे 30 इंचांचे केले होते, म्हणजे एकाच्या पोटात दुसरा बसत असे. "एक दिसे आणि दोन लिही," असे आजोबा आपल्या नोकरीचे वर्णन करीत. मग किनाऱ्यावर तो आतला नळ ओढून बाहेर काढीत आणि 31 फुटांचे तीन-तीन नळ यंत्राने जोडून 93 फुटांचा एक सलग नळ करीत. चार-पाच टनांचे असे नळ घेऊन प्रचंड मोटारी वाळवंटात निघत. आजोबांना तिनांच्या राशींनी मोजण्याची जी सवय लागली, ती जन्मभर सुटली नाही. घरी नारळ मोजतानाही ते तीन-तीन बाजूला करीत, आणि आजी म्हणे, "अहो, हे जोडायचे नाहीत, खोबरं करायचंय."

नळ बंदरावरच का जोडावयाचे, हे मला फार उशिरा समजले. सांधा करणे हे नाजूक काम आहे. कडा नीट जुळवाव्या लागतात, थरावर थर द्यावा लागतो, वाऱ्याची झुळूक लागली तरी सांधा बिघडू शकतो. म्हणून रानात काम करताना वेल्डरवर छोटा तंबू धरतात. बंदरावर छपराखाली नळ फिरता ठेवून यंत्राने जोडला, तर काम जलद होते आणि चांगलेही होते. बारा-बारा मीटरचे नळ रानात जोडावयाचे, तर किलोमीटरमागे 83 सांधे येतात; 93 फुटांचे असतील तर 35. टॅपलाइनचा सगळा पल्ला असाच जोडला असे धरून मी एकदा पाटीवर हिशोब केला. एक लाख अठ्ठावीस हजारांच्या जागी वाळवंटात करावयाचे सांधे उरले त्रेचाळीस हजारांच्या आत. केवढा कष्ट वाचला!

पण कोणाचा वाचला? वेल्डरचा. त्याने तंबूत करावयाचे काम बंदरावर उरकले आणि त्याची अडचण 93 फूट लांब होऊन मोटारचालकाच्या मागे जाऊन बसली. एवढा लांब नळ साध्या ट्रेलरवर मावत नाही. त्याचे पुढचे टोक मोटारीवरील फिरत्या बैठकीवर ठेवतात आणि मागचे टोक सुट्या चाकांच्या गाड्यावर. मध्ये नळ स्वतःच गाडीचा कणा होतो. सपाट वाळवंटात वळणे नसतात म्हणून हे जमले, जरी वाळूत चाक रुतण्याचे दुःख होतेच. अनमोड घाटात ते जमणार नाही. म्हणून आमच्याकडे नळ बारा मीटरचेच येतात, आणि येथे अडचणीचा मोठा वाटा पुन्हा रानातल्या वेल्डरकडे जातो. किती लांबीचा नळ पाठवावा हे ठरविताना, कोणी किती सोसावे हेही त्याच कागदावर ठरत असते. ज्यांनी सोसावयाचे, ते मात्र त्या टेबलाशी नसतात.

अंतराचे सोसणे निदान दिसते. थांबण्याचे दिसतच नाही. अलास्काच्या तेलवाहिनीसाठी जपानमध्ये तयार केलेले 48 इंची नळ 1969 च्या सप्टेंबरात व्हाल्डेझ बंदरात येऊ लागले. मग न्यायालयाचा मनाई-हुकूम आला, तेथील मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या हक्काचा निवाडा 1971 मध्ये झाला, संसदेने परवानगीचा कायदा केला तो 1973 च्या नोव्हेंबरात. आणि पहिला नळ टोन्सिना नदीच्या पात्रात पडला 27 मार्च 1975 रोजी. साडेपाच वर्षे नळ थांबले होते. माझ्या मते त्या थांबण्यात मूळ रहिवाशांचे म्हणणे ऐकले गेले, हे योग्यच झाले. पुढे चाळीस-चाळीस फुटांचे दोन नळ जोडून ऐंशी फुटांचा एक, असे नळ मोटारींवरून डोंगर ओलांडून उत्तरेकडे गेले, आणि 20 जून 1977 रोजी त्यांतून तेल वाहू लागले. त्या साडेपाच वर्षांचा हिशोब सर्वांनी मांडला, कारण पोलादात पैसा अडकला होता.

आता आमच्या चालकाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी जूनच्या अखेरीस, हंगामाच्या शेवटच्या खेपांत, घाटातील रस्ता खचला आणि अवजड वाहने बंद झाली. भरलेला ट्रेलर घेऊन तो मोलेजवळ नऊ दिवस थांबला. नळ सोडून घरी येता येईना. जेवण पदरचे, झोप ट्रेलरखाली किंवा केबिनमध्ये. पगार खेपेवर असतो. आणि खेप पुरी झाल्यावाचून खेप धरली जात नाही. दहाव्या दिवशी रस्ता उघडला, नळ पोहोचले. तेथे आवरणावरून विजेचे यंत्र फिरवून पाहतात. कोठे सुईएवढे छिद्र असले तरी ठिणगी पडते. एका नळावर ठिणगी पडली. ओरखड्याचा खर्च वाहतूकदाराच्या बिलातून कापला गेला, आणि वाहतूकदाराने तो याच्या खेपेतून कापला.

त्याची पत्नी माझ्याकडे आली. रडली नाही, मुलीच्या शाळेची पावती तेवढी तिने टेबलावर ठेवली. मी त्या दोघांस घेऊन कामावरच्या कचेरीत गेलो. तेथील अभियंता तरुण आणि सभ्य होता. त्याने नोंदवही उघडली. प्रत्येक नळाला स्वतंत्र क्रमांक, तो कोणत्या ओतणीच्या पोलादाचा, कोणत्या दिवशी उतरला, कोठे किती दिवस पडून होता, सारे लिहिलेले. एखाद्या माणसाचे जन्म-मृत्यूचे दाखले इतके नेटके नसतात! ज्या नळावर ठिणगी पडली, त्याच्या पानावर त्याने बोट ठेवले आणि स्वतःच थबकला. ओरखडा नळाच्या वरच्या बाजूस होता, क्रेनचा दोर जेथे लागतो तेथे. म्हणजे तो कामावरच उतरविताना पडला होता. त्याने लगेच तसे लिहून दिले. कापलेले पैसे महिन्याभरात परत मिळाले.

नऊ दिवसांचे मात्र मी विचारले तेव्हा त्याने पाने उलटली. "नळ मोलेला नऊ दिवस होते, हे आहे फादर, हे पाहा." होते खरे. नळांची नावे होती, तारखा होत्या. त्यांच्यासोबत एक माणूसही नऊ दिवस होता, हे लिहिण्यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता. मग वाहतूकदाराशी दोन आठवडे बोलणे चालले. तो म्हणे, थांबल्याचा पुरावा काय? शेवटी चार दिवसांचा जेवणभत्ता त्याने दिला. पाच दिवस बुडाले.

त्यानंतर आमच्या या चालकाने दहा रुपयांची एक वही घेतली. ठिकाण, तारीख, थांबण्याची वेळ, निघण्याची वेळ, आणि थांबण्याचे कारण, असे पाच रकाने त्याच्या मुलीने पट्टीने आखून दिले. नाक्यावरील शिपाई कधी सही देतो, कधी हसतो. चहाच्या टपरीवाला मात्र नेहमी देतो. रस्त्यावरचे आणखी तिघे आता अशीच वही ठेवतात, आणि मागच्या हंगामात त्यांच्यापैकी एकाला सहा दिवसांचे पुरे पैसे मिळाले. परवा त्याने ती वही शुद्धलेखन तपासण्यासाठी माझ्याकडे पाठविली. शेवटची नोंद अशी होती: मोले, दुपारी 2 पासून. घाट बंद. नळ चार. माणसे दोन.