बर्फावरील पाळणा

दक्षिण ध्रुवखंडांत, वेडेल समुद्राच्या कांठीं, हॅली बे येथें सम्राट पेंग्विनांची एके काळीं जगांतील दुसऱ्या क्रमांकाची वसाहत होती. मे-जूनच्या अंधारांत मादी एकच अंडें घालते, तें नराच्या पायांवर सोंपविते आणि समुद्राकडे निघून जाते. घरटें नाहीं, काटकीहि नाहीं. पोटाच्या कातडीच्या घडीखालीं अंडें झांकून नर सुमारें ६५ दिवस उबवितो. विणीसाठीं आल्यापासून मोजल्यास त्याचा उपास जवळजवळ चार महिन्यांचा भरतो. आमच्या चातुर्मासांतील एकभुक्तांनीं येथें हात जोडावेत! वादळांत हे सारे बाप अंगास अंग लावून दाटी करितात; कडेचे हळूहळू मध्यें सरकतात. आई येण्यापूर्वीं पिल्लूं निघालें, तर बापच अन्ननलिकेंत पाझरणारा दुधासारखा रस त्यास भरवितो.

हा संसार बहुधा भूमीवर नसून गोठलेल्या समुद्रावर मांडलेला असतो. पिल्लांस पाण्यानें न भिजणारीं पिसें डिसेंबराच्या सुमारास येतात. तोंवर तो थर टिकला पाहिजे. २०१६ सालीं तो ऑक्टोबरांतच फुटला आणि हजारों पिल्लें समुद्रास मिळालीं. २०१७ व २०१८ सालींहि तेंच घडलें. दक्षिणेकडील डॉसन-लॅम्बटन येथील वसाहत मात्र त्या वर्षांत कित्येक पटींनीं वाढली.