आजारपणाच्या निमित्तानं मिरज

मैत्रिणींनो, मिरजेला हौसेनं जाणाऱ्या कमीच. पुष्कळजणी जातात त्या घरातलं कुणी आजारी पडलं म्हणून. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथं रुग्णालय काढलं आणि हे जंक्शनचं गाव दवाखान्यांचं गाव झालं. कर्नाटकातूनही रोगी येतात.

गेल्या वर्षी आमची आई इथल्या एका दवाखान्यात तीन आठवडे होती. धाकटी बहीण आणि मी सहा वर्षं बोलत नव्हतो. कारण काय, तर आईच्या पाटल्या! पण रोग्याच्या उशाशी अबोला चालतो का हो? आम्ही एक वही केली. औषधाची वेळ, पोटात काय गेलं, ताप किती, डॉक्टर काय म्हणाले, सारं त्यात लिहायचं. दिवसा मी, रात्री ती. चार दिवस वहीच बोलली. पाचव्या दिवशी औषधांच्या खाली अक्षर दिसलं : ‘ताई, डब्यात भाकरी आहे. उपाशी बसू नकोस.’

आईला उतार पडल्यावर वहिनीला बसवून दोघी बाहेर पडलो. सतारमेकर गल्लीत वाळलेल्या भोपळ्यांची रास पाहिली. त्यांतूनच सतारी न्‌ तंबोरे घडतात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. १९३७ साली वारलेले अब्दुल करीम खाँसाहेब तिथंच विसावले आहेत. उरुसात गवई आजही तिथं हजेरी लावतात.

एका संध्याकाळी सांगलीजवळच्या हरिपूरला गेलो. कृष्णा आणि वारणा, दोघी सह्याद्रीच्याच लेकी, वेगवेगळ्या वाटांनी येऊन इथं मिळतात. संगमेश्वराच्या घाटावर बसलो. धाकटी म्हणाली, “आईला न्यायचं कुणाकडे, ते आधी ठरवू.” ठरलं : दोन महिने माझ्याकडे, दोन तिच्याकडे. पाटल्यांचा विषय निघाला नाही. त्या अजून आईच्याच हातात आहेत, आणि तिथंच त्या शोभतात.

तुमच्यावर अशी वेळ आली तर वही विसरू नका, बरं का! पाळ्या पहिल्याच दिवशी वाटून घ्या. रात्रीचं जागरण एकीच्याच गळ्यात नको. आणि दोघींनी मिळून तासभर तरी बाहेर पडा. दवाखान्याच्या बाकावर जे बोलवत नाही, ते नदीकाठी सहज बोलून होतं.