फाईल आहे, पण नाही

मावळातल्या आंबीत एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे. सोल्डरिंग, मल्टिमीटर, जळलेला आयसी वासावरून ओळखणं, इथवर माझी धाव. व्हीएलएसआय लॅबला लायसन्स वाटणारा जुना विंडोज पीसी बंद पडला आणि मॅडम म्हणाल्या, "नव्या पीसीवर उबुंटू टाकून घेतलंय. लायसन्स सर्व्हर तेवढा चालू करा." तेवढा!

चिप डिझाइनची पुष्कळ सॉफ्टवेअर्स फ्लेक्सएलएमकडून लायसन्स तपासून घेतात. लायसन्स बांधलेलं असतं नेटवर्क कार्डाच्या मॅक अ‍ॅड्रेसला. पीसी बदलला की नवा अ‍ॅड्रेस कळवून नवी फाईल मागवायची. तो अ‍ॅड्रेस काढायचा प्रोग्रामही सोबत मिळतो. टर्मिनलमध्ये त्याचं नाव टाकलं, तर उत्तर आलं : अशी फाईल किंवा फोल्डर नाही.

फोल्डरची यादी काढली. फाईल तिथेच, हिरव्या अक्षरांत. परमिशन दिली, दुसरीकडे कॉपी केली. पुन्हा तेच. समोर बसलेल्या माणसाबद्दल कुणी "ते घरी नाहीत" म्हणावं, तशी गत.

थर्ड इयरची एक मुलगी सबमिशनला आली होती. तिने एक कमांड दिली आणि म्हणाली, "सर, फाईल आहे. तिला चालवणारा नाहीये."

मग उलगडा झाला. लिनक्सवरचा असा प्रोग्राम मेमरीत चढवायला लोडर लागतो आणि त्या लोडरचं नाव प्रोग्रामच्या पोटातच लिहिलेलं असतं. इथे नाव होतं 'लिनक्स स्टँडर्ड बेस' या जुन्या संकेतानुसार. डेबियनने २०१५मध्ये तो संकेत जवळपास सोडून दिला, आणि उबुंटू डेबियनवरच उभं. म्हणजे "नाही" होतं ते लोडरला उद्देशून; मेसेजमध्ये मात्र त्याचं नावच नाही! असे मेसेज लिहिणाऱ्यांना एकदा आमच्या तोंडी परीक्षेला बसवायला हवं. पोरीने जुन्या नावाची एक सिमलिंक करून ती उबुंटूच्या नेहमीच्या लोडरकडे वळवली. प्रोग्राम चालला.

चालला आणि अ‍ॅड्रेसच्या जागी नुसती शून्यं दाखवू लागला. आमची फ्लेक्सएलएमची आवृत्ती जुनी; ती 'ईटीएच-झिरो' नावाचं कार्ड शोधत होती. नव्या लिनक्समध्ये कार्डाचं नाव ते कुठल्या स्लॉटमध्ये बसलंय त्यावरून ठरतं. बूटच्या सेटिंगमध्ये जुनी पद्धत चालू केली, तेव्हा खरा अ‍ॅड्रेस दिसला.

नवी फाईल येईपर्यंत पोरांनी आयकॅरस व्हेरिलॉग आणि जीटीकेवेव्हवर काउंटर चालवले. दोन्ही फुकट, लायसन्स सर्व्हरची भानगडच नाही. सेकंड इयरच्या प्रॅक्टिकलला एवढं पुरे, असं माझं मत. मॅडमना ते पटलेलं नाही.

फाईल आली, सर्व्हर चढला, तरी बाकीच्या पीसींना लायसन्स मिळेना. फायरवॉलमध्ये फ्लेक्सएलएमचा २७००० पोर्ट उघडलेला होता. पण सॉफ्टवेअर कंपनीचा स्वतःचा डीमन, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, दरवेळी मनाला येईल तो पोर्ट घेतो. लायसन्स फाईलमध्ये त्याच्या ओळीत पोर्ट नेमून दिला आणि तोही उघडला.

त्यात मावळातला पाऊस. लाईट गेली, आली. पीसी उठला, सर्व्हर नाही. आता तो सिस्टिमडीमध्ये सर्व्हिस म्हणून घातलाय, नेटवर्क आल्यावरच सुरू होईल असा. मॅडमनी पुढच्या बॅचला सिम्युलेटर उघडायला सांगितलंय.